जुन्या डाउनटाउन टॉवरमध्ये लॉ स्कूल बसवायचं असेल तर

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांच्या डाउनटाउनमध्ये एखादा असा टॉवर असतोच. १९२०-३० च्या आसपास नाहीतर १९६०-७० च्या दशकात बांधलेला, एकेकाळी बँकेचं किंवा इन्शुरन्स कंपनीचं हेडक्वार्टर, आता अर्धा रिकामा. मग युनिव्हर्सिटीत कोणालातरी सुचतं की लॉ स्कूल इथेच आणूया, कोर्ट चालत जाण्यासारखं, वकिलांची ऑफिसं आजूबाजूला, पोरांना इंटर्नशिपला जायला बरं. कल्पना खरंच चांगली आहे, मी विरोधात अजिबात नाही. पण ऑफिसात माणसं दिवसभर तुरळक येत-जात असतात आणि कॉलेजात तास संपला की दोन-तीनशे जण एकाच वेळी उठून दाराकडे निघतात. टॉवर पहिल्या प्रकारच्या माणसांसाठी बांधलेला आहे आणि तुम्ही त्यात दुसऱ्या प्रकारची माणसं भरताय. ही गोष्ट डोक्यात ठेवून कुठल्या मजल्यावर काय ठेवायचं ते आधी ठरवा, रंग, काच, लॉबीतलं झुंबर वगैरे सगळं नंतर.

बिल्डिंग विकत घ्यायच्या आधी (घेतल्यावर नाही!) स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन सगळ्या मजल्यांवरून फिरा आणि जुनी ड्रॉइंग्ज शोधा. महापालिकेच्या परमिट ऑफिसात, जुन्या मालकाच्या तळघरात, कुठेही असतील तिथून काढा. प्रत्येक मजल्याचे चार आकडे लिहून घ्यायचे. दोन खांबांमधलं अंतर, या स्लॅबपासून वरच्या स्लॅबपर्यंतची उंची, जिन्याची रुंदी आणि मजला किती वजन पेलतो. चार आकडे हातात आले की अर्धी चर्चा तिथेच संपते.

आधी खांब आणि उंची. लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाचे वर्ग मोठे असतात, सत्तर-ऐंशी पोरं एका सेक्शनला, घोड्याच्या नालेसारखी अर्धगोल बसलेली, पायऱ्यापायऱ्यांची बैठक. प्रोफेसर मध्ये उभा राहून कोणालाही नाव घेऊन उठवतो आणि केसवर प्रश्न विचारत सुटतो, त्यामुळे प्रत्येकाचा चेहरा प्रत्येकाला दिसायला हवा, मध्ये खांब आला की वर्ग गेला. जुन्या टॉवरमध्ये खांब साधारण सोळा ते वीस-बावीस फुटांवर असतात आणि अशा वर्गाला चाळीस-पन्नास फूट मोकळी जागा लागते. आता उंचीचा हिशेब करा. समजा स्लॅब ते स्लॅब १२ फूट आहे, त्यातले बीम, हवेचे डक्ट आणि सीलिंग यात २ फूट गेले, राहिले १०. सहा इंचांच्या सहा पायऱ्या म्हणजे ३ फूट, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या पोराच्या पायाखालच्या पायरीपासून सीलिंग ७ फुटांवर, आणि बिल्डिंग कोडप्रमाणे कमीत कमी साडेसात फूट पाहिजे. झालं, नापास. इथे लोक वाद घालत बसतात की पायऱ्या चार करू, तीन करू. करा, तीन पायऱ्यांचा वर्गही चालतो, फक्त तो मग साठ पोरांचा होतो, आणि हे डीनला पहिल्या मीटिंगमध्ये सांगा, शेवटच्या नको.

यातून वाट कुठे असते तर तळमजला आणि त्याच्या वरचा मजला. बँकेचा जुना हॉल असेल तर तुमचं नशीबच उघडलं, कारण तो बहुतेक दुप्पट उंचीचा असतो आणि खांबही लांब लांब असतात. मोठा वर्ग नाहीतर मूट कोर्ट (पोरांना खटल्याचा सराव करायचं नकली कोर्ट) तिथेच बसवा. दुसरी वाट म्हणजे शेजारचा पार्किंग लॉट वगैरे मिळत असेल तर मोठे वर्ग तिथे नवीन छोट्या बिल्डिंगमध्ये घ्यायचे आणि टॉवरला जोडायचे, बऱ्याचदा हेच स्वस्त पडतं. तिसरी, मधल्या मजल्यावरचा खांब कापून वरच्या मजल्यांचं वजन ट्रान्स्फर गर्डरवर घ्यायचं. होतं, पण ज्या टॉवरच्या डोक्यावर अजून पंधरा मजले आहेत तिथे हे करण्यापेक्षा दुसरी बिल्डिंग बघा असं माझं स्पष्ट मत आहे. चौथी जी कोणीतरी हमखास सुचवतं ती म्हणजे अगदी वरचा मजला, तिथे खांबांवर फक्त छताचं वजन, काढणं तुलनेने सोपं, व्ह्यू पण भारी. बरोबर आहे, पण ऐंशी-ऐंशी पोरं दर तासाला विसाव्या मजल्यावर नेणार कशी? वरती फॅकल्टी लाउंज, सेमिनार रूम, रिसेप्शनचा हॉल ठेवा.

आता लिफ्ट, आणि इथे जरा थांबून वाचा कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. समजा चार लिफ्ट आहेत, एका फेरीत दहा माणसं, वर जाऊन खाली यायला दोन मिनिटं. तास बदलायला दहा मिनिटं असतील तर प्रत्येक लिफ्टच्या पाच फेऱ्या, म्हणजे सगळ्या मिळून दोनशे माणसं. आणि ऐंशीचे दोन सेक्शन बाहेर पडतायत, दोन आत येतायत, म्हणजे तीनशे वीस झाले, फॅकल्टी, स्टाफ, लायब्ररीत चाललेले वेगळेच. नवीन कंट्रोलर बसवला, डेस्टिनेशन डिस्पॅच केलं (म्हणजे मजला लिफ्टच्या बाहेरच दाबायचा आणि सिस्टिम कुठली लिफ्ट ते सांगते), तर फरक पडतो, जरूर करा, पण शाफ्ट चारचे सहा होत नाहीत. म्हणून नियम सोपा ठेवायचा. वर्ग, लायब्ररीचा रीडिंग रूम, कँटीन हे सगळं पहिल्या पाच-सहा मजल्यांत, आणि त्यांना जोडणारा एक रुंद, उघडा, उजेडाचा जिना, असा की पोरांना लिफ्टची आठवणच येऊ नये. वर प्रोफेसरांची ऑफिसं, जर्नलवाल्यांच्या खोल्या, अ‍ॅडमिन. हे लोक ऑफिससारखेच वागतात त्यामुळे टॉवरला ते झेपतात. उघड्या जिन्यात एक मेख आहे, दोन मजले जोडले तर फार कटकट नाही, त्याहून जास्त जोडायला गेलात की साधारण अ‍ॅट्रिअमचे (म्हणजे मजल्यांमधून आरपार उघडी जागा) नियम लागू होतात आणि स्मोक कंट्रोल, फायरवाले शटर किंवा काचा असं शेपूट वाढत जातं, तर दोन-दोन मजल्यांच्या जोड्या करून जिना थोडा सरकवत नेला तर काम होतं.

आगीचा जिना वेगळा, त्याचं गणित वेगळं. आयबीसी म्हणजे जो इंटरनॅशनल बिल्डिंग कोड बहुतेक राज्यं थोडेफार बदल करून वापरतात, त्यात बारावीनंतरचं शिक्षण हे ऑफिससारखं बी ग्रुपमध्येच येतं, आणि हे ऐकून लोक खूश होतात की अरे म्हणजे काहीच बदललं नाही. थांबा. ज्या खोलीत ५० किंवा जास्त माणसं बसणार ती बहुतेक वेळा असेंब्ली (गर्दी जमायची जागा) धरली जाते, म्हणजे तुमचे मोठे वर्ग, मूट कोर्ट, लायब्ररी सगळं ए-३ या असेंब्लीच्या ग्रुपमध्ये. तिथे दोन वेगवेगळी दारं, दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी, ढकलायचा पॅनिक बार, सगळं आलं. आणि माणसं मोजायची पद्धतच बदलते. ऑफिसला सध्याच्या कोडमध्ये दर माणशी १५० स्क्वेअर फूट धरतात, वर्गाला २०. बारा हजार स्क्वेअर फुटांचा मजला ऑफिस म्हणून ८० माणसांचा होता, त्यातल्या सहा हजारांत वर्ग काढले की नुसत्या वर्गांचेच ३०० झाले. आता ४४ इंचांचे दोन जिने असतील तर माणशी ०.३ इंच या हिशेबाने एकेक जिना १४६ जणांचा, दोन्ही मिळून २९२, म्हणजे काठावर नापास. पूर्ण बिल्डिंगला स्प्रिंकलर आणि आवाजी सूचना देणारी अलार्म सिस्टिम असेल तर माणशी ०.२ इंच धरता येतं, मग तेच दोन जिने ४४० जणांना पुरतात. म्हणून अर्धवट स्प्रिंकलरचा विचारसुद्धा करू नका, तळघरापासून गच्चीपर्यंत सगळीकडे लावा, फायर पंप बदला. जिना नुसता रुंद असून भागत नाही, धूर आत येऊ नये म्हणून जुन्या जिन्यांना प्रेशरायझेशन (फॅनने आत हवेचा दाब वाढवणं) मागितलं जाऊ शकतं, आणि त्याचा फॅन, शाफ्ट, इमर्जन्सी जनरेटर याला जागा लागते. स्थानिक फायर मार्शलला ड्रॉइंग पक्कं व्हायच्या आधी भेटा, चहापाण्यासारखं अनौपचारिक भेटा, मग काय काय मागणार ते आधी कळतं.

अजून एक गोष्ट जी आर्किटेक्टपेक्षा स्ट्रक्चरलवाल्याने सांगायची असते. बारावीनंतरच्या शिक्षणाच्या बिल्डिंगमध्ये ५०० पेक्षा जास्त माणसं धरली जात असतील तर ती रिस्क कॅटेगरी तीनमध्ये (पडली तर जास्त जीव धोक्यात अशा वर्गात) जाते, साधं ऑफिस दोनमध्ये असतं. कॅटेगरी वाढली की भूकंपाचा आणि वाऱ्याचा हिशेब नव्याने करायला लागू शकतो आणि कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी हाच आकडा प्रोजेक्ट जगवतो किंवा मारतो. सॅन फ्रान्सिस्कोतलं १०० मॅकअ‍ॅलिस्टर बघा, २८ मजली, १९३० चं, मुळात हॉटेल आणि खाली चर्च अशी अजब जोडी होती. आज ती यूसी लॉ सॅन फ्रान्सिस्कोची आहे, आणि तिथे भूकंपासाठीचं मजबुतीकरण हा कामाचा मोठा भाग आहे. आणि त्यांनी एक शहाणपणा केला तो असा की हॉटेलच्या छोट्या खोल्यांमध्ये मोठे वर्ग कोंबले नाहीत, तिथे विद्यार्थ्यांची घरं केली, वर्ग शेजारच्या बिल्डिंगांमध्ये. बिल्डिंगच्या अंगात जे आहे तेच तिच्याकडून करून घ्यायचं.

उलट उदाहरण लॉस एंजेलिसचं, बुलॉक्स विल्शर. १९२९ चं आर्ट डेको डिपार्टमेंट स्टोअर, २४१ फुटांचा टॉवर, १९९३ मध्ये दुकान बंद पडलं आणि पुढच्या वर्षी साउथवेस्टर्न लॉ स्कूलने घेतलं. ते डाउनटाउनच्या जरा बाहेर आहे, पण मुद्दा तोच. स्टोअरमध्ये मोकळे मोठे मजले असतात आणि ते ऑफिसपेक्षा जास्त वजनासाठी केलेले असतात, तिथे लॉ लायब्ररी अगदी नैसर्गिक बसते. तुमच्या ऑफिस टॉवरमध्ये मात्र पुस्तकांचं वजन हा वैताग आहे. ऑफिसचा मजला स्क्वेअर फुटाला ५० पाउंडांसाठी डिझाइन करतात, वाचनकक्षाला ६०, आणि पुस्तकांच्या रॅकना १५०! सरकणारे कॉम्पॅक्ट रॅक असतील तर त्याहून जास्त. तिप्पट वजन मधल्या मजल्यावर ठेवायचं म्हणजे खालून बीमना प्लेट वेल्ड करत बसा. त्यापेक्षा रॅक तळघरात किंवा जमिनीवरच्या स्लॅबवर ठेवा, वर फक्त टेबलं-खुर्च्या. आणि लायब्ररियनबरोबर बसून ठरवा की छापील रिपोर्टरच्या (कोर्टाच्या निकालांचे खंड) किती भिंती खरंच हव्यात, केस शोधायला आज कोणी ते खंड उघडत नाही पण देणगीदारांना फोटोत ते आवडतात, तेव्हा थोडे ठेवा शोभेला, काही हरकत नाही.

मजल्याला भोक पाडायच्या आधी तो कशाचा आहे ते बघाच. १९२०-३० च्या स्टील फ्रेमच्या टॉवरमध्ये बीमांच्या मध्ये भाजलेल्या मातीच्या पोकळ टाइल्सची सपाट कमान असते, किंवा सिंडर काँक्रीटचा (जळक्या कोळशाची खडी घातलेल्या) पातळ स्लॅब ज्यात तारेची जाळी बीमवरून झोळीसारखी टाकलेली असते. दुसऱ्या प्रकारात जाळीचा ताण एका गाळ्यातून पुढच्या गाळ्यात जातो, त्यामुळे एका ठिकाणी जाळी कापली तर शेजारच्या गाळ्यांनाही धक्का बसतो. प्लंबर येतो, पाइपसाठी गोल भोक पाडायचं कोअर मशीन लावतो, आणि दोन मिनिटांत तुमच्या इंजिनिअरची झोप उडवतो. कुठे कापायचं त्याचा नकाशा काढा, तो प्रत्येक मजल्यावर चिकटवा आणि सही असल्याशिवाय कोअर नाही असा नियम करा. वर्गाच्या पायऱ्याही काँक्रीटच्या ओतू नका, हलक्या पत्र्याच्या फ्रेमवर प्लायवूड टाकून करा, वजन कमी आणि खालच्या पोकळीतून प्रत्येक सीटला वीज आणि डेटा नेता येतो. सगळी पोरं परीक्षा लॅपटॉपवर देतात, सीटला प्लग नसेल तर पहिल्याच फायनल्सला बोंब होईल.

हवेचा विषय कंटाळवाणा वाटतो पण आकडा बघा. अ‍ॅश्रेच्या (एसी-व्हेंटिलेशनच्या इंजिनिअरांची अमेरिकन संस्था) ६२.१ स्टँडर्डप्रमाणे ऑफिसला बाहेरची ताजी हवा माणशी ५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) आणि शिवाय दर स्क्वेअर फुटाला ०.०६. हजार स्क्वेअर फुटात पाच माणसं धरली तर ८५ सीएफएम. लेक्चरच्या वर्गात माणशी ७.५ आणि हजार फुटात ६५ माणसं, जागेचे तेच ०.०६ धरून साधारण ५४८. सहापटीहून जास्त! जुने डक्ट शाफ्ट याला पुरणारच नाहीत, मग ताज्या हवेचं वेगळं युनिट घ्यायचं आणि वर्ग खालच्या मजल्यांवर आहेत म्हणून ते युनिटही तिथेच जवळ कुठेतरी, लो रूफवर वगैरे बसवायचं, गच्चीवरून वीस मजले डक्ट खाली आणण्यात काही अर्थ नाही. बघितलंत ना, खाली वर्ग ठेवण्याचा निर्णय इथेही पैसे वाचवतो.

अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल थोडक्यात. रिनोव्हेशनच्या आधी तपासणी ही ईपीएच्या (अमेरिकेची पर्यावरण संस्था) नियमाने बंधनकारक आहे, आणि ठरावीक प्रमाणाच्या वर काढायचं असेल तर काम सुरू व्हायच्या कमीत कमी दहा कामकाजाचे दिवस आधी नोटीस द्यायला लागते. बीमवर फवारलेलं अ‍ॅस्बेस्टॉसचं फायरप्रूफिंग १९७३ मध्ये बंद झालं, म्हणजे साठच्या दशकातला टॉवर असेल तर ते आहेच असं धरून चाला. १९५०-७९ मधल्या खिडक्यांच्या सीलंटमध्ये पीसीबी हे विषारी रसायन सापडू शकतं, तेही तपासा. हे सगळं काढल्यावर उघडे पडलेले बीम परत फायरप्रूफ करायला लागतात आणि ती ओळ बजेटमध्ये बरेचदा नसतेच.

टॉयलेट मोजा. जुन्या ऑफिस टॉवरमध्ये बायकांचं टॉयलेट एक मजला सोडून असायचं, कारण तेव्हा बायका ऑफिसात धरल्याच नव्हत्या म्हणा. एडीएचंही (अपंगांच्या हक्कांचा अमेरिकन कायदा) तसंच, ज्या भागात मुख्य काम चालतं तो बदललात की तिथपर्यंतची वाट, टॉयलेट, पिण्याचं पाणी हेही सुलभ करायला लागतं, आणि त्यावरचा खर्च मूळ कामाच्या २० टक्क्यांच्या वर गेला तर तो प्रमाणाबाहेर धरतात. पण युनिव्हर्सिटीने २० टक्क्यांवर थांबायचा हिशेब करू नये, कायदा शिकवणारी जागा आहे, पहिला खटला विद्यार्थीच करतील.

मूट कोर्टवर मात्र मन लावून काम करा. न्यायाधीशांचं बेंच उंच, पण तिथे आणि साक्षीदाराच्या जागेवर व्हीलचेअर जायला हवी, म्हणजे रॅम्प किंवा छोटी लिफ्ट, आणि ती नंतर चिकटवलेली वाटता कामा नये. न्यायाधीशांना मागून यायला वेगळं दार, ज्युरीच्या १२ खुर्च्या आणि दोन-चार जास्तीच्या. अपील कोर्टं कधीकधी लॉ स्कूलमध्ये येऊन खरी सुनावणी घेतात, तशी वेळ येईल म्हणून सुरक्षा तपासणीची जागा लॉबीत राखून ठेवा. क्लिनिक, जिथे पोरं प्रोफेसरांच्या देखरेखीखाली खऱ्या गरजू अशिलांच्या केसेस घेतात, ते तळमजल्यावर किंवा दुसऱ्यावर ठेवा. एबीएच्या (लॉ स्कूलना मान्यता देणारी अमेरिकन बार असोसिएशन) स्टँडर्डप्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्याला सहा क्रेडिट अशा प्रत्यक्ष अनुभवाच्या अभ्यासाचे लागतात, म्हणजे हा कोपऱ्यातला विषय नाही. घर जायची भीती असलेली बाई दोन लहान मुलं घेऊन येते तेव्हा तिला टर्नस्टाईल, बॅज, सतरावा मजला असं फिरवू नका. वेगळं दार, साधं वेटिंग, आणि भेटीच्या खोल्यांच्या भिंती सीलिंगपर्यंत नाही तर वरच्या स्लॅबपर्यंत नेलेल्या. अशिलाची गुप्तता हा वकिलीतला मूळ नियम आणि तुमच्या फॉल्स सीलिंगवरून शेजारच्या खोलीत सगळं ऐकू जातंय, असं नको.

पैशांच्या बाबतीत लोक हिस्टॉरिक टॅक्स क्रेडिटचं (ऐतिहासिक बिल्डिंग दुरुस्त केली की टॅक्समध्ये मिळणारी सूट) नाव घेतात. बिल्डिंग नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक जागांच्या राष्ट्रीय यादीत असेल किंवा जाण्याजोगी असेल तर पात्र खर्चाच्या २० टक्के फेडरल क्रेडिट मिळतं, २०१७ च्या कायद्यानंतर ते पाच वर्षांत विभागून. पण युनिव्हर्सिटी टॅक्सच भरत नाही तर क्रेडिट घेणार कशात? मग डेव्हलपर किंवा गुंतवणूकदार मालक आणि युनिव्हर्सिटी भाडेकरू अशी रचना करतात, तिथे टॅक्समुक्त भाडेकरूचे वेगळे नियम आहेत, वीस वर्षांपेक्षा लांब लीज केली तर अडकू शकता. हे टॅक्स वकिलाचं काम, तुमच्या डीनचं नव्हे, तो टॅक्स शिकवत असला तरी. आणि अर्जाचा दुसरा भाग, म्हणजे काय काय करणार त्याचं वर्णन, तो राज्याच्या प्रिझर्वेशन ऑफिसमार्फत नॅशनल पार्क सर्व्हिसकडे मंजूर झाल्याशिवाय तोडफोड सुरू करू नका. त्यांना लॉबी, संगमरवरी पट्ट्यांचे कॉरिडॉर, खिडक्या जपायला हव्या असतात, म्हणजे वरच्या मजल्यांवरचा जुना कॉरिडॉर उडवून ओपन ऑफिस करायचं स्वप्न सोडायला लागेल. प्रोफेसरांना तसंही दार असलेली खोलीच हवी असते, त्यामुळे इथे भांडण होत नाही.

शेवटी वेळापत्रक. लॉ स्कूल ऑगस्टमध्ये सुरू होतं आणि ती तारीख कोणासाठी हलत नाही. डाउनटाउनमध्ये माल ठेवायला जागा नसते, फुटपाथवर शेड, बाहेरून होइस्ट, ट्रक रात्री, म्हणून लिफ्टचं काम शेवटी ढकलू नका, निदान दोन तरी लिफ्ट आधी पूर्ण करून मग बाकीच्या. पूर्ण ताबा मिळणार नसेल तर तात्पुरतं ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (वापर सुरू करायची परवानगी) खालच्या सहा मजल्यांचं आधी घ्या, फॅकल्टी वर डिसेंबरमध्ये गेली तरी चालेल. फायर अलार्मची टेस्ट जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावा, कारण ती पहिल्या फेरीत पास होत नाही, आणि जुन्या इमारतीची लीज डिसेंबरपर्यंत वाढवून ठेवा, ते भाडं अजिबात वाया जात नाही.